पोर्ट ८० वरून ८०८० कडे: रीडायरेक्ट पुरेसे का नाही

सप्रेम नमस्कार.

पोर्ट ८० वर (ब्राउझर एचटीटीपीसाठी आपसूक वापरतो त्या दारावर) येणाऱ्या विनंत्या ८०८० वर चालणाऱ्या टॉमकॅटकडे (जावा अ‍ॅप चालवणाऱ्या सर्व्हरकडे) पोहोचवण्यासाठी मी एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची रिव्हर्स प्रॉक्सी, म्हणजे विनंती स्वतः घेऊन मागच्या सर्व्हरकडे नेणारी आणि उत्तर परत आणणारी मधली पायरी, सुचवली होती. त्यावर आपले म्हणणे असे, की एका ओळीच्या ३०१ रीडायरेक्टने (‘पत्ता कायमचा बदलला’ असे ब्राउझरला कळवणाऱ्या उत्तराने) भागत असताना मध्ये आणखी एक सर्व्हर बसवणे म्हणजे उगाच व्याप वाढवणे आहे, त्याने वेग कमी होतो, आणि टॉमकॅटच्या लॉगमध्ये प्रत्येक नोंदीपुढे १२७.०.०.१ (यंत्राचा स्वतःचाच पत्ता) एवढेच दिसत राहते. शेवटचा आक्षेप रास्त आहे, त्याचे उत्तर पुढे देतो. पहिल्याशी मात्र मी सहमत नाही.

रीडायरेक्ट करणारा सर्व्हर स्वतः काहीच पोहोचवत नाही. तो ब्राउझरला नवा पत्ता कळवून मोकळा होतो आणि ८०८० शी जोडणी करण्याची जबाबदारी ब्राउझरवर येते. म्हणजे ते पोर्ट बाहेरच्यांसाठी उघडे ठेवावेच लागते. अनेक कार्यालयांच्या फायरवॉल ८० आणि ४४३ खेरीज बाहेरची वाट देत नाहीत. तिथे बसलेल्या माणसाला पान उघडत नाही, आणि टॉमकॅटच्या लॉगमध्ये त्याचा मागमूसही नसल्याने काही बिघडले आहे हे आपल्याला कळतही नाही.

त्यातही ३०१ निवडणे अधिक धोक्याचे आहे. हा निर्देश कायमचा मानला जात असल्यामुळे ब्राउझर तो साठवून ठेवू शकतो. उद्या आपण टॉमकॅट ९०९० वर हलवून सर्व्हरवरचा नियम बदललात, तरी आधी येऊन गेलेल्या माणसाचा ब्राउझर पोर्ट ८० ला न विचारता परस्पर ८०८० वरच जाऊन आदळेल, आणि त्याच्या संगणकातली ती साठवण पुसणे आपल्या हातात नसते. फॉर्म असेल तर आणखी पंचाईत होते, कारण पोस्ट (माहिती पाठवणाऱ्या) विनंतीला ३०१ मिळाले की ब्राउझर पुढची विनंती गेट (फक्त पान मागणारी) म्हणून पाठवतात आणि भरलेली माहिती वाटेतच गळते. ३०८ (विनंतीचा प्रकार न बदलणारा कायमचा रीडायरेक्ट) वापरल्यास ती टिकते. उघड्या पोर्टचा प्रश्न मात्र तसाच राहतो. संकेतस्थळावर एचएसटीएस (इथे फक्त एचटीटीपीएसनेच बोलावे, हा ब्राउझरला दिलेला आदेश) लागू असेल, तर ब्राउझर ८०८० हा आकडा तसाच ठेवून एचटीटीपीएसने जोडणी मागतो, आणि तिथे साधे एचटीटीपी बोलणारा टॉमकॅट ती पुरी करू शकत नाही.

एका ओळीचाच आग्रह असेल, तर मी आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉल साधनाचा रीडायरेक्ट नियम पसंत करेन. तो कर्नलमध्येच (कार्यप्रणालीच्या गाभ्यातच) पोर्ट बदलतो, पत्त्यात ८०८० दिसत नाही आणि खरा आयपी टॉमकॅटपर्यंत पोहोचतो. मात्र प्रीराउटिंग साखळीतला (आत येणारी पॅकेट जिथे आधी तपासली जातात तिथला) नियम बाहेरून येणाऱ्या पॅकेटनाच लागू होतो, त्यामुळे त्याच यंत्रावरून लोकलहोस्टचे पोर्ट ८० तपासले तर उत्तर येत नाही आणि माणूस विनाकारण नियमातच चूक शोधत बसतो. शिवाय टीएलएसचे (एचटीटीपीएसमागच्या कूटबद्धतेचे) काम त्याच्याकडून होत नाही.

वेगाबद्दल थोडक्यात सांगतो. यंत्रातल्या यंत्रात होणारी ही जोडणी नगण्य वेळ घेते, उलट संथ मोबाइल नेटवर्कवरच्या माणसाला उत्तर पुरवत राहण्याचे काम एन्जिनएक्स आपल्या बफरमधून (तात्पुरत्या साठ्यातून) करतो आणि टॉमकॅटचा थ्रेड (एकेक विनंती हाताळणारा धागा) लवकर मोकळा होतो. त्या थ्रेडची मूळ मर्यादा २०० आहे, हे लक्षात घेतले तर ही सोय लहान नाही.

आता लॉगविषयी. एन्जिनएक्समध्ये होस्ट, एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे तिन्ही हेडर (मूळ विनंतीची माहिती देणाऱ्या ओळी) पुढे पाठवावेत आणि टॉमकॅटच्या सर्व्हर डॉट एक्सएमएल फाइलमध्ये रिमोट-आयपी-व्हॉल्व्ह (हेडरमधून खरा आयपी वाचणारा भाग) जोडावा. एवढे करूनही लॉगमध्ये १२७.०.०.१ च दिसत राहते, कारण अ‍ॅक्सेस-लॉग-व्हॉल्व्हवर (लॉग लिहिणाऱ्या भागावर) ‘रिक्वेस्ट-अ‍ॅट्रिब्यूट्स-एनेबल्ड’ हा पर्याय ‘ट्रू’ करावा लागतो. आपल्याकडे बहुधा हेच राहिले असावे. त्याच फाइलमध्ये कनेक्टरला (जोडण्या स्वीकारणाऱ्या भागाला) ‘अ‍ॅड्रेस’ म्हणून १२७.०.०.१ द्यावा, टॉमकॅट पुन्हा सुरू करावा आणि दुसऱ्या यंत्रावरून ८०८० उघडून पाहावे. जोडणी नाकारली गेली पाहिजे.