रात्रीच्या फोटोत अंधार राहू द्या

मागच्या आठवड्यात रात्री साडेदहाला साताऱ्याजवळ वाढे फाट्याच्या अलीकडे ट्रायपॉड लावून उभा होतो. समोर पंक्चरचं दुकान. पत्र्याचं शेड, वर चिंचेचं झाड आणि वायरला लोंबकळणारा एकच पिवळा बल्ब. लहानपणी वाईहून येताना बाबांची स्कूटर अशीच रात्री पंक्चर झाली होती आणि स्टेपनीतही हवा नव्हती. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडे शोधणारा तो माणूस, निम्मा चेहरा उजेडात, निम्मा अंधारात, हे मी अजून विसरलेलो नाही. तसा फोटो मला हवा होता.

एका क्लिकमध्ये तो मिळत नाही. बल्बजवळची पाटी धरून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) लावलं की माणूस काळा, माणूस धरला की पाटी पांढरीफटक. म्हणून एचडीआर, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम जोडून एक फोटो करायचा. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र एफ 8 आणि एकाच जागेवरून पाच फ्रेम, शटर उघडं ठेवायची वेळ तेवढी वेगळी : सेकंदाचा पंधरावा भाग, पाव सेकंद, एक, चार, पंधरा सेकंद. दर फ्रेमला साधारण चौपट उजेड, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये जवळजवळ अडीचशे पट फरक. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, पाचही फ्रेमला एकच ठेवायचा, नाहीतर जोडताना रंग भांडतात. हायवेवरून ट्रक गेला की पंधरा सेकंदांच्या फ्रेममध्ये दिव्याची रेघ उमटते, त्यामुळे मोकळा रस्ता मिळेपर्यंत वाट बघायची.

माणसाचं काय करायचं हा खरा प्रश्न. म्हटलं, "काका, एवढं एक सेकंद हात थांबवाल का?" ते म्हणाले, "थांबतो की. सोल्युशन वाळंस्तवर बसायचंच हाय." चेहरा आणि हात मी त्या एका सेकंदाच्या फ्रेममधूनच घेतले.

घरी येऊन फ्रेम जोडल्या आणि चूक केली. अंधारे भाग उजळणारा शॅडोचा स्लायडर पार वर नेला. चिंचेचं पान न् पान हिरवं झालं, आभाळ राखाडी झालं, पत्र्याच्या कडेला पांढरी झालर आली. बाबांना दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "इथं एवढा उजेड कुठं होता?"

ते वाक्य मला लागलं. सगळं पुन्हा केलं. झाड काळं राहू दिलं, फक्त त्याची कड ठेवली. पाटीवरची हाताने रंगवलेली अक्षरं सर्वांत कमी उजेडाच्या फ्रेममधून आली, 'पंक्चर'मधला 'र' गंजाने निम्मा खाल्लेला दिसतो. बल्ब पांढराच राहिला. डोळ्यालाही तो पांढराच दिसतो.

एचडीआर म्हणजे फसवणूक असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने 1850च्या दशकात समुद्राच्या फोटोंसाठी आभाळ आणि पाणी दोन वेगळ्या निगेटिव्हवर घेऊन एकत्र छापलं होतं. कॅमेऱ्याला एका दमात जेवढं पेलतं त्यापेक्षा डोळ्याला जास्त दिसतं, ते अंतर भरून काढायचं, एवढंच हे काम. पण डोळ्याला दिसलंच नव्हतं ते उजळून दाखवणं मला मान्य नाही. मोबाइलचा नाइट मोड हल्ली तेच करतो. साताऱ्यातल्या राजवाड्यासमोरच्या चौपाटीचे रात्री अकराचे फोटो संध्याकाळी सहाचे वाटतात, आणि आपण त्याला 'क्लिअर' म्हणतो.

दुसरी गोष्ट रंगाची. जुन्या सोडियम दिव्याचा उजेड पिवळ्या-नारिंगी पट्ट्यातच दाटलेला असतो, त्याखाली निळी गाडी काळपट दिसते. एचडीआरने उजेड-अंधाराची कक्षा वाढते, नसलेला रंग येत नाही. तो पिवळेपणा 'दुरुस्त' करायच्या फंदात पडू नका, आपलं बालपण त्याच रंगात आहे. 2015 साली देशभर रस्त्यांवरचे दिवे एलईडी करायची योजना सुरू झाली. वीज वाचते, रस्ता स्वच्छ दिसतो, माझी काही तक्रार नाही. पण पिवळे कोपरे झपाट्याने संपतायत आणि ते आत्ताच नीट टिपून ठेवायला हवेत.

कोरेगाव, रहिमतपूर, उंब्रज, पाटण, कुठेही पिवळ्या बल्बखाली चालणारी चहाची टपरी, रसवंती, सायकलचं दुकान माहीत असेल तर खाली लिहा. रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं तेही सांगा, मी ट्रायपॉड घेऊन येतो. काकांना प्रिंट द्यायला उद्या जातोय.