नवरा नंतर आला, भाऊजी!

आमच्या घरच्या ग्रुपवर भाऊजींनी एक लांबलचक मेसेज टाकला. ‘प्राचीन रहस्यं आणि परदेश लिहिणाऱ्या बायकांचं सत्य’, खाली जोडलेले हात आणि ‘प्रत्येक मुलीच्या बापापर्यंत पोहोचवा’. पोहोचला. अकरावीतल्या माझ्या भाचीचं वाचनालयात जाणं बंद झालं. म्हणून हे लिहिते, नाहीतर असले मेसेज मी उघडतही नाही.

पहिला मुद्दा असा की रहस्यकथा लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्तीला पुरातत्त्ववाला नवरा मिळाला आणि त्याच्या टिपणांवर तिनं इजिप्त-इराकच्या कादंबऱ्या पाडल्या. बाप्पा, तारखा तरी पाहायच्या! १९७७ साली छापून आलेल्या आत्मचरित्रात तिनंच सगळं सांगून ठेवलंय. पोरसवदा वयात ती आईसोबत कैरोला राहून आली आणि पहिली कादंबरी लिहिली ती कैरोतच घडणारी. ती कधी छापली गेली नाही, ते सोडा. (तेव्हा तिला पिरॅमिडांपेक्षा नाचाच्या पार्ट्या जास्त आवडायच्या, हेही ती लपवत नाही.) तो पुरातत्त्ववाला नवरा, मॅक्स मॅलोवन, तिच्याहून १४ वर्षांनी लहान. ती कैरोत होती तेव्हा तो टिपणं कसली काढतो, पाटी गिरवत असेल. १९२८ मध्ये तिचा पहिला संसार मोडला. वेस्ट इंडीजची तिकिटं काढून झाली होती, पण जेवताना कोणी बगदादच्या गोष्टी सांगितल्या, तर दुसऱ्याच दिवशी तिकिटं बदलून बाई ओरिएंट एक्सप्रेसनं एकटी निघाली. तिथून ऊर या इराकमधल्या प्राचीन शहराचं उत्खनन पाहायला गेली. मॅक्स भेटला १९३० मध्ये, दुसऱ्या खेपेला, त्याच ऊरला. उत्खननापायी नवरा मिळाला, भाऊजी. तुमच्या मेसेजमध्ये सगळं उलटं आहे.

आता अर्धं खरं आहे ते देऊन टाकते. लग्नानंतर ती वर्षानुवर्षं इराक-सीरियात राहिली ती त्याच्या मोहिमांमुळेच. प्राचीन इजिप्तवरच्या १९४४ च्या कादंबरीसाठी स्टीफन ग्लॅनव्हिल या तज्ज्ञाला तिनं प्रश्न विचारून विचारून बेजार केलं. पण जाणत्याला विचारलं की लेखन उसनं होत असेल, तर कृषी सहायकाला विचारून फवारणी करणाऱ्या भाऊजींची कपाशी कोणाची म्हणायची?

दुसरा मुद्दा असा की ‘ममीच्या शापा’नं अगाथा गायब झाली. १९२६ साली ती ११ दिवस गायब होती हे खरं. सापडली हॅरोगेटच्या हॉटेलात, इंग्लंडातच. त्याच वर्षी आई गेली होती आणि पहिला नवरा दुसऱ्या बाईपायी घटस्फोट मागत होता. यात ममी कुठून आली?

या सगळ्या पैसेवाल्या होत्या, असं तिसऱ्यात आहे. बऱ्याच होत्या, मान्य.

चौथ्या मुद्द्यानं मात्र माझं डोकं फिरलं. ‘असलं वाचणाऱ्या पोरींचं मन घरात राहत नाही, त्या संसाराच्या कामाच्या राहत नाहीत.’ पंडिता रमाबाईंचा नवरा १८८२ मध्ये वारला. ‘स्त्रीधर्मनीति’ लिहून, त्या पुस्तकाच्या पैशावर, दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथून अमेरिकेला. अमेरिकेचं प्रवासवृत्त मराठीत लिहिलं, छापलं १८८९ मध्ये, आणि त्याच वर्षी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. कोणाचा संसार बुडाला? ज्यांना संसारानं हाकललं होतं त्यांना छप्पर मिळालं. इरावती कर्वे बर्लिनहून डॉक्टर होऊन आल्या, गुजरातेतल्या लांघणजला उत्खननात राबल्या, मग ‘युगान्त’ लिहिलं. आणि परदेशच कशाला, आपल्या रिद्धपूरला या. तेराव्या शतकातली महदंबा घरदार मागे ठेवून चक्रधरांच्या मागे हिंडली, प्रश्न विचारत राहिली, ‘धवळे’ रचले. आज तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपणच मिरवतो, आणि पोट्टीनं एक पुस्तक मागितलं तर आपल्याला घाम फुटतो.

पाचवा मुद्दा ‘खेड्यातल्या पोरीले त्यातलं काय समजते?’ भाऊजी रामटेकला नेहमी जातात. तिथून जवळच नगरधनच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेची मुद्रा सापडली. नवरा गेल्यावर, मुलं लहान असताना, सुमारे १६०० वर्षांपूर्वी या बाईनं वाकाटकांचं राज्य चालवलं. पुढच्या खेपेला भाचीला सोबत न्या अन् काय समजते ते तिलेच विचारा.