एक डिस्क, तीन चुली

आमच्या घरात चुली तीन आणि कॉम्प्युटर एक. चुली वेगळ्या झाल्या त्याला वीसेक वर्षं झाली. कॉम्प्युटरची वाटणी तेवढी राहिली होती, ती मी माझ्या हातानं केली आणि पस्तावलो.

२०२० साली पुण्यातल्या कंपनीनं सगळ्यांना घरी धाडलं, तेव्हा मी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी आलो तो इथलाच झालो. ऑफिस म्हणून मिळाली कापसाची खोली. दिवाळीनंतर निम्म्या खोलीत कापसाची गंजी लागते, निम्म्यात मी बसतो. मीटिंगमध्ये साहेबांना वाटतं, मागे बर्फाळ डोंगराचं चित्र लावलंय. खाज मात्र मलाच सुटते.

कॉम्प्युटर चांगला घेतला. डिस्क २५६ जीबीची सांगितली होती, घरी आणून पाहिली तर विंडोजनं २३८ दाखवली. मोठेबाबांना मी हिशेब समजावू लागलो, की कंपनी हजारानं मोजते, विंडोज १०२४ नं मोजतं. त्यांनी निम्म्यातच मान हलवली. "म्हंजे कडता कापला." मार्केट यार्डात चाळीस वर्षं कापूस नेलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही समजवायची गरज नसते.

माझं काम म्हणजे सॉफ्टवेअर तपासणं. त्यासाठी व्हर्च्युअल मशीन लागतं, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात आणखी एक लटका कॉम्प्युटर. त्याला वाटतं आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची मेमरी आहे, स्वतःची डिस्क आहे. खरं तर त्याची अख्खी डिस्क म्हणजे आमच्या डिस्कवरची एक फाइल. नव्या सुनेला वेगळी चूल मांडून द्यावी आणि घर तेच ठेवावं, तसा प्रकार. असं मशीन मांडून देणारं व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणून तेच टाकलं.

ही गोष्ट मी घरात बोलून दाखवली, इथं पहिली चूक झाली.

घराच्या समोरच्या अंगाला दादाचं कृषी केंद्र आहे. दादा म्हणजे मोठेबाबांचा मुलगा. त्याचं हिशेबाचं सॉफ्टवेअर इतकं जुनं, की विंडोज ७ च्या पुढे पाऊल टाकत नाही, आणि त्याचा दुकानातला कॉम्प्युटर तर आता विंडोज ७ सुद्धा ओढत नव्हता. "मंग माह्यासाठीबी एक आतला कॉम्प्युटर मांड ना," दादा म्हणाला. मांडला. दुकानातल्या डब्यातून वायरनं आत डोकावायची सोय करून दिली. मग त्याचा पोट्टा, माझा पुतण्या, आला. तो यवतमाळला पॉलिटेक्निक शिकतो. त्याला विंडोजच्या जागी लिनक्स पाहिजे होतं. मांडलं.

जागेची वाटणी अशी: मला १००, पुतण्याला १००, दादाला ६०. बेरीज २६०, आणि खिशात २३८. वाचणाऱ्याला हा सरळ घोटाळा वाटेल, पण याला शास्त्राधार आहे. व्हर्च्युअल डिस्क वाढत्या प्रकारची घेतली, की तिच्या सातबाऱ्यावर १०० जीबी लिहिलेलं असतं आणि वहिवाटीत १२ च असतात. आत जसजसा माल पडेल तसतशी बाहेरची फाइल फुगते. लग्नाच्या पत्रिका पाचशे वाटायच्या आणि स्वयंपाक तीनशेचा करायचा, त्यातलंच हे गणित. मोठमोठ्या डेटा सेंटरांतही हेच चालतं. फक्त पाचशेच्या पाचशे एकाच पंगतीला येऊन बसू नयेत.

ते जून महिन्यात आले. मृग लागला होता, बियाण्यासाठी दुकानासमोर ही गर्दी, आणि दादाचा पडदा गोठला. मी आत पाहिलं तर निरोप आला होता, की यजमान कॉम्प्युटरची डिस्क भरली आहे, म्हणून व्हर्च्युअल मशीन थांबवलं आहे, जागा करा आणि पुढे चला. गंमत म्हणजे दादाच्या ६० पैकी २२ च वापरले होते. त्यानं कोणाचं काही खाल्लं नव्हतं. पण जो नेमका लिहायला गेला तो अडकला. शेवटच्या पंगतीतल्या माणसाची चूक काय असते? तो उशिरा हात धुऊन आला, एवढीच.

खाल्लं होतं पुतण्यानं. तो प्रत्येक प्रयोगाआधी स्नॅपशॉट घ्यायचा. स्नॅपशॉट म्हणजे "इथपर्यंतचं सगळं जसंच्या तसं राहू दे, पुढचे बदल वेगळ्या फाइलीत लिही." त्याचे चौदा स्नॅपशॉट निघाले. एकाचं नाव "शेवटचा", पुढच्याचं "खरंच शेवटचा".

"काका, मी तं आतून ३० जीबी डिलीट केले. जागा कावून नाई झाली?"

कारण वाढती फाइल आपणहून आटत नाही. पोत्यातली तूर काढली तरी पोतं फुगलेलं ते फुगलेलंच. आधी आत जाऊन रिकाम्या जागेवर शून्यं लिहायची, मग बाहेरून कॉम्पॅक्टचा हुकूम द्यायचा, तेव्हा कुठे ती अंग चोरते. हे सगळं करेपर्यंत दादानं सत्तर बिलं हातानं लिहिली आणि त्या दिवशी घरात माझ्याशी कोणी बोललं नाही.

इथवर ठीक होतं. खरा प्रसंग पुढेच आहे.

पुतण्यानं पायथनमध्ये एक प्रोग्राम लिहिला. दादाच्या उधारीची शीट वाचायची, ज्याची उधारी थकली त्याला मोबाइलवर आठवण पाठवायची, आणि शीटमध्ये त्याच्यापुढे "आठवण दिली" असं लिहायचं. कल्पना उत्तम. मी कौतुकही केलं. प्रश्न एवढाच, की शीट दादाच्या विंडोजमध्ये आणि प्रोग्राम पुतण्याच्या लिनक्समध्ये. दोन्ही चुलींना एकच फडताळ पाहिजे.

यावर सरळ उपाय शेअर्ड फोल्डरचा. खऱ्या कॉम्प्युटरवरचं एक फोल्डर दोघांना दाखवायचं, झालं. मी करून दिलं. लिनक्सनं सांगितलं, परमिशन डिनाइड. तिथं त्या फोल्डरची मालकी व्हीबॉक्सएसएफ नावाच्या ग्रुपकडे असते, आणि त्या ग्रुपात तुमचं नाव चढवावं लागतं. चढवलं. तरी डिनाइड. कारण नाव चढलं तरी एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं, त्याशिवाय ते लागू होत नाही. कचेरीतल्या "उद्या या" ची सवय असलेल्या माझ्या पिढीनं लॉगआउट केलं असतं. पुतण्याच्या पिढीला दम नाही. त्यानं रात्री गुपचूप वेगळीच वाट काढली.

त्यानं ४० जीबीची एक नवी डिस्क बनवली आणि तीच डिस्क दोन्ही मशिनींना एकदम जोडली. व्हर्च्युअलबॉक्स हे सहजासहजी करू देत नाही. एक मशीन चालू असताना तिची डिस्क दुसरीला मागितली तर नाही म्हणतं. पण त्यात "शेअरेबल" असा एक प्रकार आहे. त्याला वाढती डिस्क चालत नाही, पुरी जागा आधीच अडवून ठेवलेली पक्की लागते. पोट्ट्यानं तीही बनवली. ही जागा कुठून आली म्हणाल, तर मी घाम गाळून कॉम्पॅक्ट करून जी वाचवली होती, तीच.

दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. पानठेल्यावर लोक एकमेकांना मोबाइल दाखवत होते, "तुले आली काय आठवण?"

तिसऱ्या दिवशी काय झालं ते सांगायच्या आधी आमच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगतो, म्हणजे माझा बचाव करायला सोपं जाईल.

वाटणीच्या आधी माझे बाबा आणि मोठेबाबा यांची तूर एकाच कोठीत असायची. दोघंही सकाळी एकदा कोठीत डोकावून पोती मोजत आणि मग दिवसभर तो आकडा डोक्यात घेऊन फिरत. एक दिवस कोठीत नऊ पोती होती. मोठेबाबांनी दारव्ह्याच्या व्यापाऱ्याला पाच पोत्यांचा शब्द दिला, चार राखली. बाबांनी दिग्रसच्या व्यापाऱ्याला सहा पोत्यांचा. दोघांचाही हिशेब आपापल्या डोक्यात चोख होता. गाड्या एकाच दिवशी दारात आल्या. त्या दिवसापासून आजीनं कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग ज्याला पाहिजे त्यानं आजीला मागायचं. आजी उठणार, मोजून देणार, उरलेलं तिला ठाऊक.

डिस्कचं अगदी हेच होतं. विंडोज असो की लिनक्स, डिस्क जोडली की कुठं काय ठेवलंय आणि कुठली जागा मोकळी आहे हे एकदा वाचून घेतात आणि त्याची नक्कल मेमरीत ठेवतात. दर वेळी डिस्कवर जाऊन पाहत नाहीत, कारण ते धीमं पडतं. आणि पाहतील तरी कशाला, डिस्क आपल्या एकट्याचीच आहे अशी त्यांची खात्री असते. दोघांनी एकाच मोकळ्या जागेवर आपापला माल रचला. दोघांचाही हिशेब आपापल्या मेमरीत चोख.

सकाळी दादानं शीट उघडली तर खिडकी आली, की फाइल बिघडलेली आहे, वाचता येत नाही. तपासणी चालवली. तिनं तासभर कण्हून-कुंथून एक फोल्डर समोर ठेवलं, फाउंड डॉट झिरो झिरो झिरो. त्यात फाइल झिरो झिरो झिरो झिरो डॉट सीएचके, मग झिरो झिरो झिरो एक, अशा एकशे अकरा फायली. गावाची अख्खी उधारी पूर आल्यावरच्या चपलांसारखी तिथं पडली होती.

"स्नॅपशॉट हाये ना काका!" पुतण्याचा चेहरा उजळला. होता. पण शेअरेबल डिस्क स्नॅपशॉटात धरली जात नाही. तिच्यावर जे लिहिलं ते थेट लिहिलं, मागे फिरणं नाही. मशीन मंगळवारवर परत गेलं, उधारी गुरुवारीच मेली होती.

मी त्याला म्हटलं, अरे, ही चूक तुझ्या बापाच्या जन्माआधीची आहे. १९७२ साली आयबीएमनं व्हीएम/३७० आणलं, तेव्हाच प्रत्येकाला मोठ्या डिस्कचा एकेक तुकडा द्यायची रीत होती, त्याला मिनीडिस्क म्हणत. दुसऱ्याची मिनीडिस्क नुसती वाचायला जोडता यायची, आणि दोघांनी मिळून लिहायचीही सोय होती. पण ती वापराल तर डिस्कचं वाटोळं होईल हेही तेव्हाच ठाऊक होतं. "बहात्तर?" मोठेबाबा दारातून म्हणाले. "बहात्तरात आमी मिलो खाल्ली." त्यांच्यापुढे माझ्या इतिहासाचं वजन उरलं नाही.

बातमी पानठेल्यावर पोचायला दहा मिनिटं लागली. दुपारी एक बुढा दुकानात आला, बाकड्यावर बसला, पाणी प्याला, आणि हळूच म्हणाला, "आयकलं का उधारी उडाली म्हंते. खरंय काय?" त्याच्या आवाजात काळजी होती, पण ती आमची नव्हती. संध्याकाळपर्यंत असे अकरा लोक आले. त्यातल्या दोघांनी जाताना नवी उधारी केली.

दादानं मला एक शब्द बोलला नाही. तो आत गेला आणि मोठेबाबांची लाल खातेवही घेऊन आला. हा बुढा रोज संध्याकाळी दिवे लागणीला पोराच्या दुकानाची उधारी स्वतःच्या वहीत उतरवतो, हे मला माहीत होतं. मी त्याला हसलोही होतो. तीन रात्री आम्ही एका हातात वही आणि एका हातात माउस घेऊन बसलो. एकदा मधेच लाइन गेली, तेव्हा वही पुढे चालली आणि मी थांबलो.

मग मी आजीची व्यवस्था लावली. खऱ्या कॉम्प्युटरवर एक लहानसं चौथं मशीन मांडलं, त्यात सांबा चढवलं. हे सॉफ्टवेअर अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसानं १९९२ च्या सुमारास लिहायला घेतलं, आणि लिनक्सवरच्या फायली विंडोजवाल्यांना नेटवर्कवरून द्यायला ते आजही जगभर चालतं. आता डिस्क एकाच मशीनच्या ताब्यात. दादा असो की पुतण्या, कोणी कोठीत हात घालत नाही. फाइल मागतात, सांबा उठतं, एकानं लिहायला धरली असेल तर दुसऱ्याला थांब म्हणतं. दोघांनी एकाच डिस्कवर खरंच एकदम लिहायचं असेल तर त्यासाठीही ओसीएफएस२, जीएफएस२ अशा वेगळ्या फाइल सिस्टिमी आहेत, ज्या सामायिक विहिरीसारखी पाळी ठरवून लिहितात. पण पाळी पाळणारे लोक आमच्या घरात असते तर तीन चुली कशाला झाल्या असत्या. पुतण्याला २० जीबीची मर्यादा घातली. तो आठवडाभर रुसला. वहिनी मात्र खुश झाल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता त्या कोठीत आमच्या बाईच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवता काय? लहानच हाये, नव्वद जीबी."

शेवटी वही आणि शीट दोन्ही ताळ्यावर आल्या. दोनशे सात खाती, एकूण एक जुळली. एकच सोडून. वहीत होतं ते शीटमध्ये नव्हतं, सीएचके फायलींतही कुठं सापडत नव्हतं. फवारणी पंपाची नळी आणि नोझल, ६४० रुपये. नाव माझं.

दादानं चष्मा कपाळावर सरकवला. "सबन गावाचं सापडलं, अन् तुहंच तेवढं गायब?"

मी मेमरीतली नक्कल, मोकळ्या जागेचा हिशेब, एकाच ठिकाणी दोघांचं लिहिणं, सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून समजावलं. दादा शांतपणे ऐकत होता. पुतण्या खाली पाहून हसत होता. माझं बोलणं संपल्यावर मी खिशातून ६४० रुपये काढून दिले.

"शीटमध्ये जमा लिहू काय?" दादानं विचारलं.

"वहीत लिही," मी म्हटलं. मोठेबाबांनी पेन्सिल जिभेला लावली.