'१९९४ च्या करारानेच किमना बॉम्ब मिळाला' हे खरं नाही

एखाद्या देशाशी अणुकार्यक्रमावर बोलणी सुरू झाली, की अग्रलेखांपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांपर्यंत एक दावा हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: 'क्लिंटन यांनी १९९४ मध्ये उत्तर कोरियाशी करार केला, पैसा ओतला, अणुभट्ट्या दिल्या. किम घराण्याने सगळ्यांना फसवलं आणि त्याच पैशावर बॉम्ब केला. अशा राजवटीशी चर्चा करणं म्हणजे तिला सवड देणं. तिथे कणखरपणाच चालतो.' या दाव्यात एक गोष्ट खरी आहे, तिच्याकडे मी येईनच. बाकीचा दावा तारखांपुढे टिकत नाही.

आधी बॉम्बचा माल कुठून आला ते पाहू. उत्तर कोरियाच्या योंगब्योन अणुकेंद्रातली ५ मेगावॉटची ग्रॅफाइट अणुभट्टी १९८६ पासून चालू होती. करार व्हायच्या आधीच तिच्या वापरलेल्या इंधनातून एक-दोन बॉम्बना पुरेल इतकं प्लुटोनियम उत्तर कोरियाने वेगळं केलं असावं, असा अमेरिकी गुप्तचरांचा अंदाज होता. १९९४ च्या मे-जूनमध्ये त्याच भट्टीतून सुमारे ८,००० इंधन-कांड्या बाहेर काढल्या गेल्या. त्यांच्यात आणखी पाच-सहा बॉम्बचं प्लुटोनियम होतं. पेंटॅगॉनमध्ये योंगब्योनवर हल्ल्याचे आराखडे तयार होते, आणि सीमेपासून जेमतेम ५० किलोमीटरवरचं सोल शहर उत्तरेच्या तोफांच्या टप्प्यात होतं. जूनमध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर बोलणी करायला प्योंगयांगला गेले, तेव्हा परिस्थिती ही होती.

२१ ऑक्टोबर १९९४ रोजी जिनिव्हात अमेरिकेचे रॉबर्ट गलुची आणि उत्तर कोरियाचे कांग सोक-जू यांनी करारावर सह्या केल्या. भट्टी बंद झाली. त्या ८,००० कांड्या डब्यांत सीलबंद झाल्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक योंगब्योनमध्येच मुक्काम ठोकून राहिले. २००२ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे आठ वर्षं, तिथे प्लुटोनियम तयार झालं नाही. योंगब्योनची ५० आणि तेचॉनची २०० मेगावॉटची अशा दोन मोठ्या भट्ट्यांचं बांधकाम थांबलं ते कायमचंच. त्यांचे सांगाडे गंजून गेले. त्या पुऱ्या झाल्या असत्या, तर दर वर्षी डझनावारी बॉम्बचं प्लुटोनियम निघालं असतं. या न झालेल्या बॉम्बचा हिशेब दावा करणारे कधीच मांडत नाहीत, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

करार मोडल्यावर काय झालं? नोव्हेंबर २००२ मध्ये कराराप्रमाणे उत्तर कोरियाला मिळणाऱ्या इंधन तेलाचा पुरवठा थांबवला गेला. डिसेंबरमध्ये निरीक्षकांना हाकललं गेलं. १० जानेवारी २००३ रोजी उत्तर कोरियाने अण्वस्त्र प्रसारबंदी करारातून बाहेर पडल्याची घोषणा केली. जानेवारी २००४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ सिगफ्रिड हेकर योंगब्योनला गेले तेव्हा कांड्यांचे डबे ठेवलेलं तळं रिकामं होतं, आणि त्यांच्या हातात प्लुटोनियमची बरणी ठेवण्यात आली. ९ ऑक्टोबर २००६ ला पहिला स्फोट झाला. त्यामागचं मुख्य प्लुटोनियम होतं ते याच कांड्यांचं.

अणुभट्ट्या दिल्या म्हणतात, तर त्या दाखवाव्यात. कबूल झाल्या होत्या हलक्या पाण्याच्या, म्हणजे साध्या पाण्यावर चालणाऱ्या, प्रत्येकी सुमारे १,००० मेगावॉटच्या दोन भट्ट्या. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्याही हलक्या पाण्याच्याच. अशा भट्टीला संपन्न केलेलं युरेनियम लागतं, ते उत्तर कोरियाला बाहेरूनच आणावं लागलं असतं, आणि इंधन काढायचं तर भट्टी बंद ठेवावी लागते, म्हणजे चोरी लपत नाही. ग्रॅफाइटच्या जागी त्या देऊ केल्या त्या याचसाठी. मुदत २००३ ची होती. उत्तर कोरियात कुमहोच्या किनाऱ्यावर पायाचं पहिलं काँक्रीट पडलं ऑगस्ट २००२ मध्ये. त्यापुढे काम फारसं गेलंच नाही. एकही भट्टी उभी राहिली नाही.

पैशाचंही तसंच. अमेरिकेचा वाटा सुमारे ४० कोटी डॉलरचा, आणि त्यातला बराचसा वर्षाला ५ लाख टन जड इंधन तेलासाठी. हे तेल वीजघरांच्या बॉयलरमध्ये जाळायचं. तेही वेळेवर जात नव्हतं, कारण कराराला महिना व्हायच्या आत निवडणुकीत अमेरिकी संसद रिपब्लिकन पक्षाच्या हातात गेली आणि निधीसाठी दर वर्षी ओढाताण सुरू झाली. भट्ट्यांचा खर्च मुख्यतः दक्षिण कोरिया आणि जपानने उचलला.

आता खरी गोष्ट. उत्तर कोरियाने लबाडी केली. प्लुटोनियमचा रस्ता बंद असताना त्याने चोरून युरेनियमचा, म्हणजे युरेनियम संपन्न करून बॉम्ब करण्याचा, रस्ता धरला. पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांच्याकडून सुमारे दोन डझन सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम संपन्न करणारी यंत्रं, तिकडे गेल्याचं पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष मुशर्रफ यांनी २००६ मध्ये उघड मान्य केलं. ऑक्टोबर २००२ मध्ये अमेरिकेचे जेम्स केली यांनी हा मुद्दा प्योंगयांगमध्ये तोंडावर मांडला, ते योग्यच केलं. पण चोर मागच्या खिडकीतून शिरतोय हे कळल्यावर पुढच्या दाराचं कुलूप कोणी काढतं का? तेच केलं गेलं. युरेनियमचा उद्योग तेव्हा सुरुवातीच्या टप्प्यात होता. प्लुटोनियम मात्र तयार होतं, फक्त सीलबंद होतं. करार टिकवून युरेनियमवर बोलणी करायला जागा होती. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या चाचण्या उत्तर कोरियाने १९९९ पासून थांबवल्या होत्या, आणि ऑक्टोबर २००० मध्ये परराष्ट्रमंत्री मॅडेलिन ऑलब्राइट त्याच विषयावर बोलायला प्योंगयांगला जाऊन आल्या होत्या.

राहिला कणखरपणा. तो करून झाला आहे. जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी उत्तर कोरियाला इराण-इराकसोबत 'दुष्ट अक्षा'त बसवलं. सप्टेंबर २००५ मध्ये सहा देशांच्या संयुक्त निवेदनात उत्तर कोरियाने अण्वस्त्रं सोडायचं कबूल केलं, आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या कारवाईने मकावच्या एका बँकेत त्याचे अडीच कोटी डॉलर गोठले. वर्षभराने पहिला स्फोट झाला. पुढे फेब्रुवारी २००७ मध्ये बोलणी पुन्हा फळाला आली, योंगब्योनची भट्टी पुन्हा बंद झाली, आणि जून २००८ मध्ये तिचा शीतक मनोरा जगाच्या कॅमेऱ्यांसमोर पाडला गेला. तपासणीच्या अटींवरून तीही बोलणी फिसकटली. एप्रिल २००९ मध्ये निरीक्षकांना शेवटचं बाहेर काढलं, आणि मे महिन्यात दुसरा स्फोट झाला.

नोव्हेंबर २०१० मध्ये हेकर पुन्हा योंगब्योनला गेले. यजमानांनी त्यांना एका नव्या इमारतीत नेलं. आत रांगेने लावलेली सेंट्रिफ्यूज होती, यजमानांच्या सांगण्यानुसार २,०००. मोजायला एकही निरीक्षक तिथे नव्हता.