ख्रिस्ती माणूस आईबापाला विचारत नाही म्हणे!

दर दोन-चार महिन्यांनी तो मेसेज फिरून येतो, या वेळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. "बायबलच सांगतं आईबापाचा द्वेष करा", खाली चार मुद्दे आणि शेवटी हात जोडलेला इमोजी. मी गप्पच बसणार होतो, पण शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठून खरंच काळजीने विचारलं, "अरे, तुमच्यात असं असतं का रे?" म्हटलं आता लिहूनच टाकू.

पहिला मुद्दा बायबलमधल्या लूक १४:२६ चा, जो आपल्या आईबापाचा द्वेष करत नाही तो माझा शिष्य होऊ शकत नाही, असं येशू म्हणतो. हो, तिथे 'द्वेष' हाच शब्द आहे, लपवायचं काही नाही. पण त्याच वाक्यात बायको, मुलं, भाऊबहिणी आणि स्वतःच्या जिवाचाही द्वेष म्हटलाय, ते मात्र फॉरवर्डवाल्याने शिताफीने कापलं. आता स्वतःच्या जिवाचा द्वेष म्हणजे काय विहिरीत उडी मारायची? त्या काळच्या यहुद्यांच्या बोलण्यात दोघांची तुलना करताना 'द्वेष' म्हणजे 'दुसऱ्यापेक्षा कमी प्रेम'. बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं उत्पत्ती २९ काढून बघा, याकोबाच्या दोन बायका, लेआ आणि राहेल, त्यात त्याचं लेआपेक्षा राहेलवर जास्त प्रेम होतं असं एका ओळीत आहे आणि लगेच पुढच्या ओळीत लेआसाठी मूळ हिब्रूत हाच द्वेषाचा शब्द. आणि मत्तय १०:३७ मध्ये येशू हेच साधं करून सांगतो, जो माझ्यापेक्षा आईबापावर जास्त प्रेम करतो तो मला योग्य नाही. देव आधी, आईबाप नंतर, एवढंच. हे पटत नसेल तर त्यावर वाद घाला की, पण जे लिहिलंच नाही त्यावर कशाला.

दुसरा, एक पोरगा येशूला म्हणाला आधी बापाला पुरून येऊ दे, मग तुझ्यामागे येतो, तेव्हा येशू म्हणाला, "मेलेल्यांना आपल्या मेलेल्यांना पुरू दे". हे वाक्य कडकच आहे, मी ते गोड करून सांगणार नाही. फक्त एक बघा, यहुद्यांत माणूस गेला की शक्यतो त्याच दिवशी पुरायचे, मग बाप घरात मेलेला असताना हा पोरगा रस्त्यावर येशूशी बोलत कसा उभा होता? म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की बाप जिवंत असावा आणि तो जाईपर्यंत मला थांबू दे असं त्याला म्हणायचं असावं.

तिसरा मुद्दा, येशू आईला 'बाई' म्हणाला. मराठीत कानाला खटकतं खरं, पण ग्रीकमध्ये त्या हाकेत अपमान नाही. वधस्तंभावरूनही त्याने तीच हाक मारली, "बाई, पाहा, हा तुझा मुलगा", आणि आईला शिष्याच्या हवाली केलं. जीव जात असताना आईची सोय लावणारा माणूस आहे तो!

चौथा मुद्दा, ख्रिस्त्यांत श्राद्ध नाही म्हणजे मेलेल्यांची आठवण नाही म्हणे. वसईच्या कॅथलिक दफनभूमीत २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, जाऊन या, मेणबत्त्या दिसतील. आणि पंडिता रमाबाई आठवा. दुष्काळात आई गेली तेव्हा खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळेनात, रमाबाई उंचीने लहान, म्हणून तिने आईची तिरडी डोक्यावर घेतली. १८८३ साली तिचा बाप्तिस्मा झाला आणि १८८७ च्या इंग्रजी पुस्तकाची अर्पणपत्रिका आईच्या, लक्ष्मीबाई डोंगरेंच्या नावाने आहे. धर्म बदलला, आई नाही बदलली. (धर्मांतराने घरं तुटली नाहीत असं मी म्हणत नाही, कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक काही वर्षं वेगळ्याच राहिल्या.)

आता फॉरवर्डमध्ये जे नाहीच ते. "आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख" ही दहा आज्ञांतली आज्ञा, आम्ही प्रोटेस्टंट पाचवी मोजतो, कॅथलिक चौथी, आणि ती 'खून करू नको'च्याही आधी येते. मान म्हणजे नुसतं पाया पडणं नाही, म्हातारपणी पोसणं. मार्क ७ मध्ये येशू शास्त्र्यांवर भडकलाय तो याच्यावरच. लोक म्हणायचे, माझ्याकडचं होतं ते देवाला अर्पण केलं, आता आईबापाला द्यायला काही नाही, आणि धर्माचे जाणकार त्याला मान्यता द्यायचे. पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकाने तर बायबलमधल्या १ तीमथ्य ५:८ मध्ये लिहिलंय की जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट.

त्यामुळे काकूंना मी सांगितलं, असं लिहिलेलं नाही, पण वागणारे आहेत. चर्चच्या बांधकामाला मोठी देणगी देऊन फलकावर नाव लावून घेतलेला आणि आईच्या गोळ्यांचे पैसे बहिणीकडून घे म्हणणारा माणूस मलाही माहीत आहे. मार्क ७ वर उपदेश झाला त्या रविवारी तो पहिल्याच बाकावर होता.