कमेंटला उत्तर: भुसावळच्या गरमीवर वीज का निघत नाही

भाऊ, तुमची कमेंट जरा रागातच आहे पण मुद्द्याची आहे, म्हणून खाली दोन ओळीत न संपवता इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी, भाऊंचं म्हणणं असं की एक, सायकलचा पंप तापतो तो घासल्यामुळे, मी लिहिलं तसं हवा दाबल्यामुळे नाही. दोन, जूल नावाच्या शास्त्रज्ञाने कार्य आणि उष्णता एकच हे दाखवून दिलं, तरी दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राला कोळशाची बरीच उष्णता सोडून द्यावीच लागते असं मी म्हणतो म्हणजे इंजिनिअर लोकांच्या ढिलाईवर पांघरूण घालतो. आणि तीन, एवढीच उष्णतेची हौस असेल तर मे महिन्यात भुसावळच्या हवेतूनच वीज काढून दाखवा भो! हा तिसरा तुम्ही टोमणा म्हणून मारलाय, पण खरा प्रश्न तोच आहे.

आधी पंप. उभा पंप ट्यूबला लावा, जोरजोरात हवा भरा आणि खाली जिथून नळी निघते तिथे हात लावून बघा, चांगलाच तापलेला असतो. वरचा भाग त्यामानाने गार. आता दट्ट्याचा वॉशर तर वरपासून खालपर्यंत सगळीकडे घासतोय ना, मग गरमी खालीच का? आता नळी ट्यूबमधून काढा, पंप गार होऊ द्या आणि तेवढेच दट्टे मोकळ्या हवेत मारा. वॉशर थोडा कमी दाबाने घासेल, मान्य, पण घासेलच की, तरी पंप जेमतेम कोमट होतो. कारण असं की हवेचे रेणू तसेही सेकंदाला 500 मीटरच्या आसपास वेगाने धावत असतात आणि समोरून येणाऱ्या वॉशरवर आपटला की रेणू आणखी जास्त वेगाने परत फिरतो. नळी ट्यूबला लावलेली असली की हवेला मोकळं पळायला जागा नाही, म्हणून तुमच्या हाताची हालचाल रेणूंच्या हालचालीत जाते आणि थर्मामीटरला ती तापमान म्हणून दिसते.

आता जूल. त्याने 1840च्या दशकात वजनं खाली सोडून त्यांच्या जोरावर पाण्यात पाती फिरवली, पाणी किती तापलं ते मोजलं आणि भाव काढला, 1 कॅलरीला साधारण 4.2 जूल. हिशोब पक्का आहे, त्यावर माझं भांडण नाहीच. पण ह्या हिशोबातून उलटा सौदापण पूर्णच्या पूर्ण होतो असं कुठे निघतं? कन्नडहून औट्रम घाटाने चाळीसगावला उतरणारी भरलेली एसटी घ्या, 15 टन धरू. दर 100 मीटर उंची उतरताना जी ऊर्जा सुटते त्यात 30 अंशांचं 50 लिटर पाणी उकळीला येईल. ती ब्रेक, इंजिन, टायर, हवा सगळ्यात उष्णता होऊन जाते, ब्रेकचा तो जळका वास खिडकीतून येतो ना, तोच. पण चाळीसगावात पोचल्यावर ब्रेकच्या त्या तापलेल्या ड्रमच्या जोरावर गाडी परत कन्नडला चढलेली कोणी पाहिली का? ऊर्जेचा हिशोब तर जुळला असता! गाडी पळते तेव्हा तिचे सगळे अणू एका दिशेला पळत असतात, ड्रममध्ये ते वाट्टेल त्या दिशेने थरथरतात, आणि त्या थरथरीला आपणहून परत एका दिशेला लावणं जमत नाही.

मग इंजिन कसं चालतं? तर हे कार्नो ह्या फ्रेंच इंजिनिअरने 1824 मध्येच सांगून ठेवलंय, जूलच्याही आधी. नुसती उष्णता असून भागत नाही, एक गरम बाजू लागते आणि एक गार, आणि गरमकडून गारकडे उष्णता जाताना मधल्यामध्ये तिच्यातून काम काढून घ्यायचं. त्याने स्वतः तुलना पाण्याच्या धबधब्याशी केली होती, आपल्या हतनूर धरणाला कितीही पाणी असलं तरी खाली पडायला उंचीच नसेल तर टर्बाइन फिरणार नाही, तसं. दीपनगरच्या 500 मेगावॅटच्या युनिटसारख्या ठिकाणी वाफ साधारण 540 अंशांची असते आणि कंडेन्सरमध्ये, म्हणजे जिथे वापरलेली वाफ गार होऊन परत पाणी होते तिथे, समजा 45 अंश. केल्विनमध्ये, म्हणजे त्यात 273 मिळवून, 813 आणि 318. फरक भागिले वरचं तापमान, उत्तर 61 टक्के. ही आदर्श मशीनची मर्यादा झाली, घर्षण शून्य, गळती शून्य, इंजिनिअर देवमाणूस. प्रत्यक्षात चिमणी, पंप, बॉयलर सगळं धरून हाती 35 ते 38 टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे ढिलाई शोधायची तर ती 61 आणि 38 च्या मध्ये शोधा, वरच्या 39 टक्क्यांसाठी कोणाला शिव्या घालू नका. नवीन 660 मेगावॅटचा सुपरक्रिटिकल युनिट बांधला तो ह्याचसाठी, वाफेचा दाब आणि तापमान वर नेलं की ही मर्यादाच थोडी सरकते. आणि हो, ते मोठाले कूलिंग टॉवर म्हणजे ती गार बाजू सांभाळायची सोय आहे, ते बंद केले तर टर्बाइनची ताकद पडते, वाचत काहीच नाही.

म्हणून तुमच्या टोमण्याचं उत्तर. मे मध्ये हवा 46 अंश, भिंत तापलेली, टाकीतलं पाणी तापलेलं, सगळंच तापलेलं. उष्णता भरपूर पण गार बाजू कुठे आहे? कूलरचं पाणी हवेपेक्षा 20 अंश गार धरलं तरी मर्यादा 6 टक्के निघते, आणि त्यातून पंख्याचा, मोटरचा खर्च वजा करा. आता तुम्ही म्हणाल मग छतावरच्या सोलर पॅनेलचं काय, तर ते हवेच्या गरमीवर चालतच नाही, ते उन्हाच्या प्रकाशावर चालतं आणि तो प्रकाश निघतो 5500 अंशांच्या सूर्याच्या पृष्ठभागावरून. उलट पॅनेल तापलं की दर अंशाला त्याचं उत्पादन 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घसरतं, त्यामुळे बसवताना पॅनेल आणि पत्र्यामध्ये हवा खेळायला वीतभर जागा सोडायला सांगा, बसवणारे बरेचदा सोडत नाहीत.