100 टक्के अपंगत्व म्हणजे मदतनीस भत्ता आपोआप नव्हे

जखमी जवानाला 100 टक्के अपंगत्व ठरलं की मदतनीस भत्ता सुरू होतो, असं एका लेखात वाचलं, पण ते अपुरं आहे. सतत सोबतीला माणूस हवा, आणि तेही मान्य झालेल्या अपंगत्वामुळेच, असं वैद्यकीय मंडळाच्या अहवालात स्पष्ट लागतं. अहवालात हे लिहायचं सुटलं की पीपीओत, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, भत्ता येत नाही. मग रेकॉर्ड ऑफिसकडे (सैन्याच्या सेवानोंदी ठेवणारं कार्यालय) अर्ज करून पुन्हा तपासणी. सोलापुरातल्या कुटुंबांनी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पीपीओ तपासून घ्यावा. सरकारी रुग्णालयात दाखल असतानाच्या दिवसांचा भत्ता मिळत नाही, तेही लक्षात ठेवा.

आणि रक्कम? जुलै 2017 मध्ये मूळ दर महिना 6,750 होता, म्हणजे दिवसाला 225 रुपये. कूस बदलणं, कॅथेटर, आंघोळ, रात्रीची जाग… एवढ्यात रात्रपाळीचा माणूस कसा ठेवायचा?